ऑपरेशन जठराचं, काळजी स्वादुपिंडाची

बेरियाट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ते ऑपरेशन, करून घ्यायचं ठरलं तेव्हा भेटेल तो एकच विचारायचा, किती किलो उतरणार? साहजिकच आहे, वजन डोळ्यांना दिसतं. माझ्या मनात मात्र पहिला प्रश्न इन्सुलिन आणि पाचक रस बनवणाऱ्या स्वादुपिंडाचा होता, कारण त्याने मला आधीच एकदा आडवं पाडलं होतं. ही सर्जरी करून घेणाऱ्यांना स्वादुपिंडाबद्दल फार कमी सांगितलं जातं असं माझं स्पष्ट मत झालंय. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

सर्जरीच्या आदल्या वर्षी मला अ‍ॅक्युट पॅनक्रियाटायटिस झाला, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक सूज आली. दुखणं बेंबीच्या वर सुरू झालं आणि थेट पाठीत आरपार गेलं. उताणं झोपवेना. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलं की क्षणभर बरं वाटायचं. उलट्या थांबत नव्हत्या आणि उलटी होऊनही दुखणं हलत नव्हतं. ताई तेव्हा माझ्याकडे होती. "अगं, ही साधी अ‍ॅसिडिटी नाही. चल, आपण आत्ताच्या आत्ता निघतोय," म्हणाली आणि मला उचलूनच घेऊन गेली.

रक्तात लायपेज नावाचं एन्झाइम तपासतात. ते नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त आलं आणि दुखणंही तसंच असलं, की निदान पक्कं होतं. माझं तिपटीच्या बरंच पुढे गेलेलं होतं. या सुजेची सगळ्यात नेहमीची दोन कारणं म्हणजे पित्तखडे आणि दारू. सोनोग्राफीत खडे नव्हते, दारू मी घेत नाही. कारण निघालं ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी. ती एका डेसिलिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या वर गेली की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा होतो. तपासणीसाठी काढलेल्या रक्ताची नळी डॉक्टरांनी मला मुद्दाम दाखवली. खाली लाल पेशी बसलेल्या आणि वर जिथे पिवळसर, पारदर्शक द्रव दिसायला हवा तिथे दाट, पांढुरका, दुधाळ थर. इतक्या वर्षांच्या रिपोर्टांमधले आकडे एका बाजूला आणि ती नळी एका बाजूला.

वॉर्डातल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सलाईन, वेदनाशामक, थोडं सावरल्यावर तोंडाने हलका आहार. पण घरी सोडताना डॉक्टरांनी जे चक्र समजावलं ते डोक्यात पक्कं बसलं. वजन आणि ताब्यात नसलेला मधुमेह (माझ्याकडे दोन्ही होतेच) ट्रायग्लिसराइड्स वाढवतात, ट्रायग्लिसराइड्स स्वादुपिंडाला सूज आणतात, सुजेने जखमी झालेलं स्वादुपिंड इन्सुलिन आणखी कमी बनवतं आणि मधुमेह आणखी बिघडतो. शिवाय स्थूल माणसाला हीच सूज अधिक गंभीर होऊ शकते. "हे चक्र कुठून तरी तोडायला लागेल," ते म्हणाले.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय अर्थातच निघाला. जीएलपी-१ गटातल्या या औषधांनी पुष्कळ लोकांना फायदा होतो. पण ज्यांना आधी पॅनक्रियाटायटिस होऊन गेलाय त्यांच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी लागते. मधुमेहाच्या डॉक्टरांनी माझ्या बाबतीत ती वाट बाजूला ठेवली आणि मला सर्जनकडे पाठवलं.

सर्जरीला पात्र कोण, याचे जुने निकष १९९१ सालचे: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ४० किंवा ३५ आणि सोबत एखादा आजार. २०२२ मध्ये सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदलले. आता बीएमआय ३५ असेल तर सोबत आजार नसला तरी सर्जरीची शिफारस होते, मधुमेहासारखा आजार असेल तर ३० पासून विचार करतात, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही रेघ त्याहून खाली, २७.५ ला आहे. माझा बीएमआय जुन्या निकषांतही बसत होता, त्यामुळे तिथे अडलं नाही.

अडलं ते दुसरीकडे. सर्जन म्हणाले, आधी स्वादुपिंड पूर्ण शांत झालंय याची खात्री हवी. सुजेनंतर कधीकधी त्याच्या आजूबाजूला द्रव साचून राहतो. स्वादुपिंड जठराच्या अगदी पाठीमागे, जेमतेम पंधरा सेंटीमीटर लांबीचं, आडवं पसरलेलं असतं. जठरावर काम करायचं तर मागे काय परिस्थिती आहे हे आधी कळायला हवं. म्हणून पुन्हा सीटी स्कॅन झाला आणि तो स्वच्छ आल्यावरच पुढचं बोलणं सुरू झालं.

मग सी-पेप्टाइडची तपासणी. ही तपासणी मला इतकी महत्त्वाची वाटते की मधुमेह असलेल्या आणि सर्जरीच्या वाटेवर असलेल्या प्रत्येकाने तिच्याबद्दल विचारावं. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं तेव्हा एक मोठा रेणू तुटून इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड असे दोन तुकडे सारख्या संख्येने बाहेर पडतात. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणजे तुम्ही रोज इंजेक्शन घेत असलात तरी तुमचं स्वतःचं स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतंय ते या आकड्यावरून कळतं. माझा आकडा चांगला होता. सर्जन म्हणाले, "तुमच्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, दमल्यात, पण संपलेल्या नाहीत. मधुमेह होऊन फार वर्षं झाली की त्या सावरण्याची शक्यता घटत जाते. तुम्ही अजून वेळेत आहात."

सर्जरी कोणती, यावर खूप वेळ गेला. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण तीस मिलीलिटरची छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग पोटातच राहतो, फक्त अन्न तिकडून जात नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्या बाजूच्या वाटेने खाली उतरतो आणि बऱ्याच अंतरावर अन्नाला येऊन मिळतो. सर्जननी हे कागदावर काढून दाखवलं. तो कागद मी अजून फाइलला लावून ठेवलाय, कारण पुढचे माझे निम्मे प्रश्न त्या चित्रातूनच सुटले.

मधुमेह आणि ट्रायग्लिसराइड्स पाहता त्यांचा कल बायपासकडे होता. मी विचारलं, "आणि नंतर पित्ताचा खडा नळीत अडकून पुन्हा स्वादुपिंडाला सूज आली तर?" प्रश्न बरोबर आहे म्हणाले. वजन वेगाने उतरतं तेव्हा पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. एरवी असा खडा तोंडातून दुर्बीण घालून, ईआरसीपी करून काढतात. बायपासनंतर ती नेहमीची वाटच बदललेली असते, त्यामुळे दुर्बीण पित्तनळीच्या तोंडापर्यंत सहजी पोचत नाही. मग पोटावर छोटं छिद्र पाडून, बाजूला ठेवलेल्या जठरातून दुर्बीण घालावी लागते किंवा इतर खास उपाय करावे लागतात. करता येतं, पण सगळीकडे सोय नसते. स्लीव्हमध्ये ही अडचण नाही. हा तोटा माहीत असूनही मी बायपास निवडला, कारण माझी सूज खड्यांनी झालेली नव्हती, चरबीने झालेली होती, आणि चरबी व साखर या दोन्हींवर बायपासचा जोर जास्त. पित्ताशयात आधीपासून खडे असते तर कदाचित निर्णय वेगळा झाला असता, निदान पित्ताशयाचा निकाल तरी आधी लावला असता.

ऑपरेशनच्या आधी काही आठवडे अगदी कमी उष्मांकांचा, मुख्यतः द्रव आहार असतो. यकृतातली चरबी उतरून ते आकसावं आणि सर्जनला जठरापर्यंत नीट पोचता यावं हा त्यामागचा हेतू. या काळात साखर झपाट्याने खाली येते, त्यामुळे इन्सुलिनचा डोस जुनाच ठेवून चालत नाही. माझा डोस डॉक्टर फोनवर पुन्हा पुन्हा कमी करत होते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी एक गोळी मी घेत होते, तीही ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद केली. ती चालू असताना उपाशी राहिलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. आपली सगळी औषधं भूलतज्ज्ञांना नावासकट सांगावीत ती यासाठीच.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, ठरल्याप्रमाणे पार पडलं. त्याच संध्याकाळी चालवलं. घोट घोट पाणी. खांद्यात गॅसचं दुखणं. ते जातं.

त्यानंतर जे झालं त्याने मी खरोखर हलले. दर काही तासांनी नर्स बोट टोचून शुगर पाहायच्या आणि पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर आकडा लिहायच्या. इन्सुलिनच्या रकान्यात आधी कमी डोस, मग त्याहून कमी आणि मग आडवी रेघ. त्या रेघेकडे मी कितीतरी वेळ बघत बसले. वजन अजून काहीच उतरलेलं नव्हतं. सलाईनच्या पाण्याने उलट थोडं वाढलेलंच असणार. आणि उपाशीपोटीची साखर, जी मी वर्षानुवर्षं इंजेक्शन टोचून खाली ओढत होते, ती आपणहून खाली यायला लागली होती.

हे कसं, याचं उत्तर शोधताना मी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे मधुमेह-संशोधक रॉय टेलर यांच्या कामापाशी पोचले. खाणं अगदी कमी झालं की शरीर आधी यकृतातली चरबी वापरतं. ती आठवड्याभरातच इतकी घटते की यकृत पुन्हा इन्सुलिनचं ऐकायला लागतं आणि उपाशीपोटीची साखर उतरते. स्वादुपिंडाला मात्र वेळ लागतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रोज ६०० उष्मांकांचा आहार घेणाऱ्या रुग्णांच्या स्वादुपिंडातली चरबी आठ आठवड्यांत हळूहळू कमी झाली आणि जेवल्यावर लगेच इन्सुलिन सोडण्याची हरवलेली ताकद परत आली. पुढे बायपास झालेल्या मधुमेहींमध्ये त्यांनी मोजलं तर स्वादुपिंडातून उतरलेली चरबी सरासरी अवघी ०.६ ग्रॅम भरली. एक ग्रॅमसुद्धा नाही! इतक्याशा चरबीने बीटा पेशींचा श्वास कोंडला होता. मी किलो मोजणं त्यानंतर बरंच कमी केलं.

बायपासचा आणखी एक परिणाम आहे. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथल्या पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं आणि भूकही शमवतं. बाजारातली ती इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल आहेत. सर्जरीने मधुमेह हटतो ही गोष्ट तशी जुनीच. अमेरिकेतल्या वॉल्टर पोरीस या सर्जननी १९९५ मध्येच आपल्या बायपासच्या रुग्णांबद्दल तसं लिहून ठेवलंय.

मला ऑपरेशनआधीच सांगितलं होतं, की याला बरा झाला म्हणायचं नाही. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात सर्जरीनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेहींचा मधुमेह मागे हटलेला होता, दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. हे ऐकून ताई खट्टू झाली. "मग एवढं सगळं करायचं कशाला गं?" मला तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. साखर चांगली राहिलेलं प्रत्येक वर्ष डोळ्यांचं, मूत्रपिंडाचं आणि माझ्या बाबतीत स्वादुपिंडाचंही राखलेलं वर्ष आहे.

पित्तखडे होऊ नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सहा महिने दिल्या. पुष्कळ लोक ही गोळी मध्येच सोडतात, कारण ती घेऊन काही वाटत नाही आणि न घेऊनही काही वाटत नाही. ज्यांनी पॅनक्रियाटायटिसचं दुखणं एकदा भोगलंय ते सोडणार नाहीत. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम आणि बी-१२ तर आयुष्यभराची सोबत. उलट्या होत राहिल्या तर थायमिन, म्हणजे बी-१, पटकन घसरतं आणि नसांवर, मेंदूवर परिणाम होतो, म्हणून उलट्या अंगावर काढायच्या नाहीत. अंगदुखीच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्याही बंद, जोडाच्या जागी अल्सर होतो. धूम्रपान आणि दारू या दोन्ही गोष्टी स्वादुपिंडाच्या वैरी. शिवाय बायपासनंतर दारू रक्तात फार वेगाने चढते.

पहिलं वर्ष उलटल्यावर दोन नव्या गोष्टी समोर आल्या आणि दोन्ही स्वादुपिंडाशीच निगडित.

पहिली, शुगर लो होणं. मधुमेहाचं औषध एकही चालू नसताना! जेवून दीड-दोन तास झाले की हात थरथरायचे, घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अक्षरं हलायची. एकदा ऑफिसात मीटिंग चालू असताना समोरचा माणूस बोलतोय ते ऐकू येत होतं पण अर्थ लागत नव्हता. ग्लुकोमीटर पर्समध्ये होतं, आकडा ५० च्या खाली. मधुमेहात इतकी वर्षं काढल्यावर साखर कमी झाल्याची भीती वाटणं हा अनुभवच मला नवा होता. बायपासनंतर अन्न, विशेषतः गोड आणि पिठूळ अन्न, आतड्यात एकदम उतरतं. साखर उसळते, जीएलपी-१ उसळतं, त्यापाठोपाठ इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर खाली कोसळते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी असा तीव्र त्रास झालेल्या सहा रुग्णांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्याचं लिहिलं होतं. त्यावर पुढे तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. माझ्यासारख्या बहुतेकांचा त्रास इतक्या टोकाला जात नाही. आहारतज्ज्ञांनी जेवणाचा क्रमच बदलला: आधी प्रथिनं, मग भाज्या, पिठूळ पदार्थ शेवटी आणि थोडे, गोड पेय कधीच नाही, जेवताना पाणी नाही. आणि लो झालीच तर मोजकं ग्लुकोज घ्यायचं, पंधरा ग्रॅमच्या आसपास, आणि सावरल्यावर लगेच थोडं प्रथिन. घाबरून भरपूर गोड खाल्लं तर तासाभराने तीच कथा पुन्हा. क्रम सांभाळल्यापासून हा त्रास क्वचितच होतो. तरी गाडी चालवण्याआधी मी आजही शुगर बघते.

दुसरी गोष्ट बोलायला लोकांना संकोच वाटतो, म्हणून मी ती उघड लिहिते. शौचाला फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारं, अतिशय दुर्गंधी असं व्हायला लागलं. पोट सतत फुगलेलं. वजन जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबेना आणि येणारे जाणारे कौतुक करत होते. रक्तात अ आणि ड जीवनसत्त्वं घसरलेली आली, गोळ्या नियमित घेऊनही. सर्जननी शौचाच्या नमुन्यातलं इलॅस्टेज तपासायला सांगितलं. स्वादुपिंड पचनासाठी पुरेसे एन्झाइम सोडतंय का ते यातून कळतं. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरतेचा संशय घेतात, माझं त्याखाली होतं.

फाइलमधलं ते चित्र इथे उपयोगी पडलं. अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जात नाही, त्यामुळे तिथून स्वादुपिंडाला मिळणारा इशाराच कमी होतो. जो रस सुटतो तो अन्नाला उशिरा, खूप खाली भेटतो, मिसळायला अंतर थोडं उरतं. त्यात माझं स्वादुपिंड एकदा सुजून गेलेलं. उपाय आहे, एन्झाइमच्या कॅप्सूल. पण त्या घेण्याची पद्धत नीट समजली नाही तर काहीच फायदा होत नाही. जेवणाआधी तासभर किंवा जेवून उठल्यावर घेतल्या तर त्या अन्नात मिसळतच नाहीत. पहिल्या घासाबरोबर एक, आणि माझं जेवण सावकाश चालतं म्हणून दुसरी मध्यावर. आतले दाणे चावायचे नाहीत, गरम पेयाबरोबर घ्यायच्या नाहीत. मधल्या वेळच्या खाण्यात स्निग्ध पदार्थ असतील तर तेव्हाही लागतात, नुसतं फळ असेल तर नाही. काही आठवड्यांत पोट शांत झालं, वजन स्थिरावलं आणि पुढच्या तपासणीत ड जीवनसत्त्व वर आलं.

सर्जरीनंतर वजन उतरतंच आहे म्हणून आनंद मानणाऱ्या पुष्कळांना ही कमतरता असूनही कळत नसेल असं मला वाटतं. तेलकट शौच, फुगणारं पोट आणि घसरणारी जीवनसत्त्वं एकत्र दिसली की सर्जनना इलॅस्टेजबद्दल थेट विचारा. लाजू नका, त्यांना या प्रश्नाची सवय असते.

पोटात वर, पाठीकडे जाणारं दुखणं सुरू झालं आणि थांबत नसेल तर मी घरी बसून वाट पाहत नाही. तातडीच्या विभागात सगळ्यात आधी सांगते, की माझं गॅस्ट्रिक बायपास झालंय आणि आधी पॅनक्रियाटायटिस होऊन गेलाय. बायपासनंतर आतड्याला आतल्या आत पीळ पडणं हेही अशा दुखण्याचं एक कारण असू शकतं, त्यामुळे तपासणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती पहिल्या मिनिटात मिळायला हवी. सर्जननी दिलेलं कार्ड पाकिटात असतं, त्यावर ऑपरेशनचा प्रकार आणि तारीख आहे. त्याची एक प्रत ताईकडेही देऊन ठेवलीय.

सध्या इन्सुलिन बंद आहे. मेटफॉर्मिनची छोटी गोळी अलीकडे पुन्हा सुरू केली, कारण तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.५ टक्क्यांच्या किंचित वर गेली होती. ट्रायग्लिसराइड्स दोनशेच्या आत आहेत, औषध चालू ठेवून. पुढच्या तपासणीत सी-पेप्टाइड पुन्हा करायचंय आणि पित्ताशयाची सोनोग्राफीही.